माझा अपघात कुठल्याच आकड्यात नाही

(ज्यांना ऑडिओ ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत.)

कुठे आहात आत्ता? लोकलमध्ये असाल तर ठीक. रस्त्यानं चालत असाल तर एका कानातला इयरफोन काढा. आणि टू-व्हीलर चालवत असाल तर हा भाग सरळ बंद करा, घरी जाऊन ऐका. गंमत करत नाहीये. का ते थोड्या वेळात कळेल.

आजचा विषय आहे रस्त्यावरचे अपघात. हो, माहितीये, नाव ऐकूनच जांभई येते. शाळेत असताना रस्ता सुरक्षा सप्ताहात चित्रं काढली होती आपण, हिरवा दिवा लाल दिवा. मलाही हा विषय तसाच वाटायचा. मग मागच्या वर्षी जुलैमध्ये मी एका माणसाला धडक दिली.

आधी जागा सांगतो. वागळे इस्टेट, ठाणे. तीन हात नाक्याकडून या नाहीतर मुलुंड चेकनाक्याकडून, आत शिरलात की इथले रस्ते नावानं नाही, नंबरानं ओळखले जातात. रोड नंबर १६, रोड नंबर २२, रोड नंबर ३३. नवीन माणूस १६ शोधत १६ झेडला पोचतो आणि मग फोनवर भांडतो. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी ही एक. माझे बाबा इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. तो कारखाना बंद पडला, त्या जागेवर काचेची इमारत आली, आणि मी बीटेक करून तशाच एका काचेच्या इमारतीत बसून कोड लिहितो. बाबा म्हणतात, "वागळेतली नोकरी काय सुटली नाही आपल्या घराची."

तर जुलै. सव्वासात वाजलेले. पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता, नुसती भुरभुर. स्कूटर साधारण चाळीसच्या स्पीडला. फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये लावलेला. त्यावर ऑफिसच्या ग्रुपचा मेसेज आला. संध्याकाळी मी जे कोड टाकून निघालो होतो त्याचं बिल्ड फेल झालं होतं. मी वाचलं. पूर्ण वाचलं पण नाही, पहिली ओळ फक्त.

वळणावर एक टेम्पो उभा होता, त्याच्यामागे रिक्षांची रांग. त्या दोघांच्या फटीतून एक काका रस्त्यावर आले. शिफ्ट सुटून घरी निघालेले, किसन नगरकडे. मी ब्रेक दाबला तेव्हा ते माझ्यासमोर नव्हते, माझ्या आरशात लागले होते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. स्टीलच्या डब्याचा घरंगळण्याचा आवाज. माझ्या हेल्मेटवर रस्ता घासल्याचा आवाज, तो तर कवटीच्या आतून ऐकू येतो. हेल्मेटचा पट्टा लावलेला होता. तो बहुतेक वेळा लावलेला नसायचा, हेही आता सांगूनच टाकतो. गर्दी जमली. एकानं माझी कॉलर धरली आणि म्हणाला, "फोन बघत होतास ना रे?" मी "नाही" म्हणालो. सवयीनं.

एका रिक्षावाल्या दादांनी आम्हाला दोघांनाही आत कोंबलं. वाटेत त्यांनी एकच गोष्ट विचारली, "पोलीस माझ्या मागे लागणार नाहीत ना?" दवाखान्याशी सोडलं, भाडं घेतलं नाही, आणि नाव विचारायच्या आत निघून गेले.

दवाखान्यात डॉक्टरांनी काकांना विचारलं, "कसं झालं?" काकांनी माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे. म्हणाले, "घसरून पडलो. पाऊस आहे ना."

मी गप्प बसलो.

तेच कागदावर आलं. पावसात घसरून पडले. कॉलर बोन मोडलं होतं, म्हणजे गळ्याजवळची हासळी, उजव्या बाजूची. डॉक्टरांनी माझ्या खरचटलेल्या कोपराकडे एकदा नीट बघितलं, पण पुढे काही विचारलं नाही. खरं सांगू का, त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. काकांची हासळी मोडलीये आणि मी आभार मानतोय.

आता थोडं आकड्यांकडे येऊ. त्या रात्री झोप लागेना म्हणून मी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा वार्षिक अहवाल उघडला. दर वर्षी निघतो, कुणीही वाचू शकतं. माझा धंदाच आकड्यांचा, काहीतरी समजून घेतोय असं वाटलं की मला बरं वाटतं.

२०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात नोंदले गेले, त्यात १,६८,४९१ माणसं मेली. २०२३ मध्ये मृतांचा आकडा १,७२,८९० वर गेला. २०२० ला लॉकडाऊनमुळे आलेख खाली आला होता, पण लोक घराबाहेर पडले तसा तोही परत वर चढला. एकट्या महाराष्ट्रात २०२२ मध्ये १५,२२४ मृत्यू.

आपण समजतो की हे सगळं हायवेवर होतं. ट्रक, एसटी, रात्रीचा ड्रायव्हर पेंगला वगैरे. पण त्याच अहवालात २०२२ च्या अपघातांची रस्त्यांनुसार फोड आहे. राष्ट्रीय महामार्गांवर १,५१,९९७, राज्य महामार्गांवर १,०६,६८२, आणि 'इतर रस्ते' म्हणून जो रकाना आहे त्यात २,०२,६३३. इतर रस्ते म्हणजे कोण? म्हणजे आपण. रोड नंबर १६, डोंबिवलीचा फडके रोड, तुमच्या सोसायटीसमोरचा रस्ता. त्या इतर रस्त्यांवर ६६,४४१ माणसं मेली.

आणि मरतं कोण? सगळ्यात जास्त टू-व्हीलरवाले, शंभरातले जवळपास ४५. त्यांच्यामागोमाग पायी चालणारे, शंभरातले १९-२०. म्हणजे मी आणि काका. अपघातांची सगळ्यात वाईट वेळ कुठली, तर संध्याकाळी सहा ते नऊ. दिवसभरातल्या अपघातांपैकी जवळपास पाचवा हिस्सा या तीन तासांत. आम्ही दोघं अगदी पुस्तकी उदाहरण होतो. फक्त पुस्तकात नव्हतो.

कारण हे बघा. त्याच वर्षी जखमींचा आकडा आहे ४,४३,३६६. भागून बघा. एका मृत्यूमागे जखमी किती? साधारण अडीच. आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात वर्षाला ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात, आणि जखमी होतात दोन ते पाच कोटी. म्हणजे एका मृत्यूमागे कमीत कमी सतरा जखमी. मग आपल्याकडेच अडीच कसे? आपली हाडं जास्त मजबूत आहेत का?

तुमच्या ओळखीतले लोक मोजा ना. गाडीवरून पडून हात मोडलेला, टाके पडलेला, गुडघा कायमचा गेलेला. माझ्या एका बिल्डिंगमध्येच आहेत. त्यातल्या किती जणांची पोलिसात नोंद झाली? मेला तर नोंद टळत नाही, पोस्टमार्टेम होतं. पण हाड मोडलं तर 'घसरून पडलो' म्हणता येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ही सिस्टीम फक्त पूर्ण क्रॅश झाल्यावर लॉग लिहिते. त्याआधी शंभर वॉर्निंग येऊन गेलेल्या असतात, त्या कुणी साठवतच नाही. अशा सिस्टीमवर मी कामाला असतो तर पहिल्या आठवड्यात आरडाओरडा केला असता.

बरं, नोंद करायची सोय नाही असंही नाही. २०२१ पासून आयरॅड नावाची एक यंत्रणा आहे, आयआयटी मद्रासनं बनवलेली, आणि सुरुवातीला ज्या सहा राज्यांत ती आणली त्यात महाराष्ट्र होता. पोलीस जागेवर जाऊन मोबाईल ॲपमध्ये अपघात भरतात, नेमकी जागा नकाशावर येते. खूप चांगली कल्पना आहे, एक इंजिनिअर म्हणून मी तिला सलाम करतो. पण ॲप उघडायला आधी कुणीतरी सांगायला तर पाहिजे की अपघात झालाय. मी सांगितलं नाही.

ब्लॅक स्पॉट हा शब्द ऐकला असेल. महामार्गासाठी त्याची व्याख्या अशी आहे की सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले पाहिजेत, किंवा दहा मृत्यू. मग ती जागा दुरुस्तीच्या यादीत येते. व्याख्या चुकीची नाही. पण तुमच्या-आमच्या गल्लीतल्या वळणावर हाडं मोडत राहतात, 'घसरून पडलो' लिहिलं जातं, आणि कागदावर ते वळण एकदम स्वच्छ असतं.

आता कायद्याचा भाग. हा मला नंतर कळला आणि कळल्यावर पोटात गोळा आला.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४. अपघात झाला की ड्रायव्हरची दोन कामं. जखमीला उपचार मिळतील हे बघणं, आणि पोलिसांना कळवणं, पोलीस समोर नसतील तर जवळच्या ठाण्यात, जास्तीत जास्त २४ तासांत. इन्शुरन्स कंपनीलाही कळवायचं असतं. मी पहिलं काम केलं आणि स्वतःला चांगला माणूस समजून बसलो.

दुसरं काम न केल्यानं काय झालं? आपण दर वर्षी थर्ड पार्टी इन्शुरन्स भरतो ना, पावती बघतसुद्धा नाही, तो या दिवसासाठीच असतो. काकांचा दवाखाना, बुडालेली मजुरी, पुढे हात नीट चालला नाही तर त्याची भरपाई, हे सगळं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येतं आणि ते माझ्या इन्शुरन्स कंपनीनं द्यायचं असतं. पण दावा करायचा तर अपघात झाला होता हे कागदावर पाहिजे. आणि कागद म्हणतो, पावसात घसरून पडले. मी गप्प बसून स्वतःवरची केस वाचवली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी काकांचा हक्क बुडवला होता.

त्या रिक्षावाल्या दादांसाठीही सांगतो, ते कधी ऐकतील न ऐकतील. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं आणि मग २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ मध्ये स्पष्ट केलंय की जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी कसलीही केस होत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, दवाखाना पैसे मागू शकत नाही. आणि मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत. पण त्यातही पोलिसांकडे नोंद लागते. सगळी दारं त्याच एका कागदातून उघडतात.

स्पीडबद्दल एकच गणित, आणि मग सोडतो. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत माणसाला साधारण दीड सेकंद लागतो. ३० च्या स्पीडला त्या दीड सेकंदात गाडी साडेबारा मीटर जाते, मग कोरड्या रस्त्यावर ब्रेकला अजून सात मीटर. एकूण साडेएकोणीस, वीसच म्हणा. एका टीएमटीच्या बसच्या लांबीपेक्षा बरंच जास्त. आता स्पीड ५० करा. दीड सेकंदातच गाडी २१ मीटर गेलेली असते. म्हणजे तीसवाला जिथे पूर्ण थांबलाय, तिथे पन्नासवाल्यानं अजून ब्रेकच दाबलेला नाही. तो माणसावर पूर्ण पन्नासनं आदळतो. आपण म्हणतो, "जरासाच तर फास्ट होतो." आणि माझं, ४० च्या स्पीडला दोन सेकंद फोनकडे बघितलं की २२ मीटर आंधळे. हे मी कागदावर मांडलं तेव्हा पेन खाली ठेवलं.

पण. इथे एक मोठा पण आहे, आणि तो स्वतःला सोडवायला म्हणून म्हणत नाहीये. चूक माझी होती, शंभर टक्के. तरी मी नंतर तीन-चार संध्याकाळी त्या वळणावर जाऊन नुसता उभा राहिलो. चहा घेतला आणि बघत बसलो. मोजणी वगैरे केली नाही, तीन संध्याकाळी म्हणजे काही सर्व्हे नव्हे. पण दिसलं ते सांगतो.

हे रस्ते ट्रकसाठी आखलेले आहेत. लांब ट्रेलर वळला पाहिजे म्हणून कोपरे मोठे, गोलसर. ट्रेलर आता कमी झाले, कोपरे तेच. गोल कोपऱ्यावर स्कूटरला, कारला स्पीड कमी करावाच लागत नाही, अंगचं वळण घेतल्यासारखी गाडी जाते. कोपऱ्यालाच टेम्पो उभे, कारण माल तिथेच उतरतो. त्यांचंही पोट आहे. फुटपाथवर टपरी, टपरीवर आम्ही आयटीवाले. म्हणजे चालणाऱ्यानं कुठून जायचं? टेम्पो आणि रिक्षाच्या फटीतून. काका चुकीच्या जागेवरून आले नाहीत, त्यांना दुसरी जागाच नव्हती. त्या तीन संध्याकाळी प्रत्येक जण त्याच फटीतून येत होता. एक बाई लहान पोराला आधी पुढे करत होत्या, बघ रे गाडी येते का म्हणून. पोराची उंची टेम्पोच्या चाकाएवढी.

एफआयआरमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं, हयगयीनं आणि निष्काळजीपणानं वाहन चालवून. ते माझ्याबाबतीत खरं होतं. पण तिथे कोपऱ्याचा रकाना नसतो. आमच्याकडे प्रॉडक्शनला काही फुटलं आणि नुसतं 'युजरची चूक' लिहून तिकीट बंद केलं तर मॅनेजर परत उघडायला लावतो. शंभर युजर एकाच बटनावर चुकत असतील तर बटन बघा.

आणि बटन बदलता येतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०१६ साली १५१ माणसं गेली होती. मग त्या वर्षापासून एकेका अपघाताची जागा जाऊन तपासली, उघडे काँक्रीटचे भाग झाकले, बॅरिअर लावले, कडेला उभ्या ट्रकांवर कारवाई केली. काही वर्षांत मृत्यू निम्म्यावर आले. ड्रायव्हर तेच होते हो, आपलेच. उलट बाजू बघायची तर २०१८ चा जुलै आठवा, कल्याणचा शिवाजी चौक. खड्ड्यात बाईक घसरली आणि मागे बसलेल्या बाई बसखाली आल्या. तो सीसीटीव्हीचा व्हिडिओ सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरला. आपण फॉरवर्ड केला, हळहळलो. खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर सहा लाख भरपाई द्या, असं मुंबई हायकोर्टानं सांगायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला.

काकांकडे परत येतो. अपघातानंतर चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. एका खोलीत चौघं. काकूंनी चहा दिला, माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच होतं. मी काकांना विचारलं, "तुम्ही घसरून पडलो असं का सांगितलंत?" म्हणाले, "तुझं तोंड बघितलं. पांढरंफटक पडलेलं. आणि पोलीस म्हटलं की चार खेपा, चार खेपा म्हणजे चार खाडे." मग त्यांचे सहा आठवडे खाडेच पडले. मी पैसे दिले, त्यांनी निम्मेच घेतले, वर म्हणाले, "दवाखान्याचे झाले तेवढे पुरेत. बाकी माझं मी बघतो."

कलम १३४ वाचल्यावर मी परत गेलो. ठाण्यात जाऊन सांगू या म्हटलं, मी खरं काय ते लिहून देतो. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. काकूच पहिल्यांदा बोलल्या, "आता सांगितलंस तर हे खोटं बोलले असं होणार ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एका वकील मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, उशीर झालाय, कटकट होईल, पण करता येईल, आणि काकांनी ठरवू दे, तू नको ठरवूस. काकांनी अजून ठरवलेलं नाही. मी माझ्या बाजूनं जे झालं ते तारीख घालून लिहून, सही करून त्यांच्याकडे ठेवलंय. काकूंनी ते रेशनकार्डाच्या पिशवीत घातलं.

हात आता चालतो त्यांचा, पण खांद्याच्या वर जात नाही. त्यांचं काम पेट्या रचायचं आहे, वरची थप्पी दुसऱ्या कुणाला तरी लावावी लागते. किती दिवस लावतील, माहीत नाही.

फोन होल्डर मी काढून टाकलाय. स्कूटर विकली नाही, विकणार होतो, पण ऑफिसला यायचं कसं.

शेवटचं एक काम आहे आणि त्यात तुमची मदत पाहिजे. मी त्या वळणासाठी एक अर्ज लिहितोय. कोपऱ्यावर गाड्या उभ्या करायला बंदी, कोपरा रंगानं आणि खांब लावून आत घ्यायचा, आणि चालणाऱ्यांसाठी उंचावलेलं क्रॉसिंग. तिन्ही गोष्टी, मोठा खर्च नाही. पण कुणीही विचारणार, इथे अपघात किती झालेत? आणि कागदावर उत्तर आहे शून्याच्या जवळपास. तर वागळेत, किसन नगरमध्ये, श्रीनगरला, लोकमान्य नगरला राहणाऱ्या किंवा कामाला येणाऱ्यांनी मला पाठवा. तुम्ही पडलात, तुम्हाला कुणी उडवलं, तुम्ही कुणाला उडवलं, नोंद झाली नाही, सगळं चालेल. नाव नको, गाडीचा नंबर नको. रोड नंबर, कुठल्या कोपऱ्यावर, किती वाजता, पाऊस होता का, काय मोडलं, एवढंच. पिन टाकलात तर उत्तम. फक्त रस्त्याच्या कडेला थांबून टाका.

पहिली पिन मी टाकलीये. रोड नंबर १६, संध्याकाळी सव्वासात, भुरभुर पाऊस, उजवी हासळी.